ज्याची डगाल त्यानंच काढायची

सांगली स्टेशनवर गाडी लागली तेव्हा माझ्या खांद्याला पर्स होती आणि त्या पर्समध्ये आमच्या ह्यांचा जीव होता. म्हणजे जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची एवढीशी डबी. गाडीत चढेपर्यंत मी ती तीनदा चाचपून पाहिली, आणि बसल्यावर आणखी एकदा.

मागच्या उन्हाळ्यात मोरेश्वरांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हृदयाच्या एका वाहिनीत जाळी बसवावी लागली. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू सगळं करा, पण ही डबी कायम जवळ ठेवा." त्यातलं "सगळं करा" एवढंच ह्यांनी ऐकलं आणि "डबी जवळ ठेवा" एवढंच मी. तेव्हापासून आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

त्यात आमच्या लेकीनं पुण्यात बसून एक शिबिर शोधून काढलं. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी आठवडाभराचं साहस शिबिर, तेही भंडारा जिल्ह्यात. चढाई, दोरावरून उतरणं, सायकल, आणि शेवटी गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात होड्या. हे मूळचे त्याच जिल्ह्यातल्या कोंढ्याचे. शाळामास्तरकीच्या निमित्तानं सांगलीला आले ते इथलेच झाले, पण भंडारा म्हटलं की अजूनही कान टवकारतात. डॉक्टरांनी तपासून बेताबेतानं करायची परवानगी दिली. मी विचारलं, "भंडाऱ्यात डोंगर कुठले? तिथं तर तळी ना?" हे नुसते हसले.

भिशीतल्या बायका माझ्यावर हसल्या, कारण मी माळ्यावरचे डबे काढायलासुद्धा स्टुलावर चढत नाही. "सुनंदा, परत आलीस की सगळं लिहून काढ," असं त्यांनी बजावलं होतं, म्हणून हे लिहिते आहे. वाघ दिसला नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना तेवढ्यासाठीच वाचायचं होतं त्यांनी इथं थांबायला हरकत नाही.

गाडी अख्खा महाराष्ट्र आडवा कापत जाते. नागपूर मागं पडलं आणि ह्यांची भाषा बदलली. सांगलीत "मला" म्हणणारा माणूस एकदम "मले" म्हणायला लागला. समोरच्या बाकावरच्या फेटेवाल्या गृहस्थांनी विचारलं, "कोठी जाऊन राहिले जी?"

"नाकाडोंगरीकडं. पहाडी चढाले," हे छाती काढून म्हणाले.

"ह्या वयात? काहून बा?"

मला त्या गृहस्थांच्या पाया पडावंसं वाटलं. हाच प्रश्न मी महिनाभर विचारत होते.

तुमसर रोडला उतरलो तेव्हा सकाळचा चांगला गारठा होता. शिबिराची प्रमुख प्रणाली आम्हाला न्यायला आली होती. तिशीतली, सडपातळ, पायात मळके बूट. तिची जीप धानाच्या मुलखातून निघाली. कापणी होऊन गेलेली. बांध्यांमध्ये (भाताच्या खाचरांमध्ये) नुसती खुंटं उभी होती आणि त्या खुंटांतूनच हिरवीगार लाखोळी (लाखेच्या डाळीचं पीक) वर आली होती. ठिकठिकाणी पुंजणे (धानाच्या पेंढ्यांचे ढीग) रचलेले. प्रत्येक गावाशेजारी एक बोडी (लहान तळं), तिच्या पाळीवर म्हशी. डोंगर म्हणाल तर कुठेच नाही. मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, लेकीला फसवलं कुणीतरी. आठवडाभर म्हशी बघू आणि परत जाऊ.

पण नाकाडोंगरी जवळ आली तसे खाणीचे ट्रक लागू लागले, रस्त्याच्या कडेची झाडं काळपट धुळीनं माखलेली दिसू लागली, आणि मग क्षितिजाला निळसर रांग उठली. ह्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मी पर्स चाचपली.

शिबिर म्हणजे सागाच्या झाडांत उभारलेले तंबू आणि एक कौलारू स्वयंपाकघर. तिथं राज्य कौसल्याबाईंचं. जवळच्याच गावच्या, साठीच्या, आवाज खणखणीत. पहिल्या जेवणाला तांदळाची भाकर, लाखोळीची भाजी आणि पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा होता. त्या रश्श्यावर बोटभर लाल तवंग. मी घाईनं म्हणाले, "बाई, ह्यांना तेल चालत नाही. तिखट चालत नाही. दगदग चालत नाही."

कौसल्याबाईंनी ह्यांच्याकडे नीट पाहिलं. "मंग त्याहीले पहाडीवर कायले आणलं जी तुमी?"

सगळे हसले. बाईंनी मात्र न बोलता ह्यांच्यापुरता बिनतवंगाचा रस्सा काढून ठेवला, आणि पुढं रोज ठेवला.

आम्ही मोजकीच माणसं होतो. नागपूरच्या दोघी बहिणी, अमरावतीचं एक जोडपं, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि आम्ही दोघं. वाट दाखवायला गोपाळभाऊ होते, त्या रानातच लहानाचे मोठे झालेले, कमी बोलणारे. प्रणालीनं ह्यांचे सगळे कागद आधीच पाहिले होते आणि काय करायचं, काय नाही, हे तिनं बांधून दिलं होतं. तरी माझा विश्वास ना तिच्यावर, ना कागदांवर.

दुसऱ्या दिवशी दोरावरून उतरणं होतं. खडक फार उंच नव्हता, असं सगळे म्हणाले. मला तो कुतुबमिनार दिसत होता. कमरेला पट्टा, डोक्यावर टोपडं आणि पाठीमागं पोकळी, अशा थाटात हे खडकाच्या कडेला उभे राहिले. मी खालून ओरडले, "अहो, श्वास घ्या!" ते वरून ओरडले, "घेतोच आहे! साठ वर्षं!" आणि भिंतीवरून चालत यावं तसे सावकाश उतरत आले. ते खाली टेकेपर्यंत मी वर बघत बघत मागं सरकत होते, ती थेट बोरीच्या जाळीत जाऊन बसले. कौसल्याबाईंनी संध्याकाळी माझ्या पाठीतले काटे काढले. त्या दिवशी शिबिरात जखमी झालेली मी एकटीच, आणि मी काहीही केलेलं नव्हतं.

सायकलींच्या दिवशीही तेच. रानातून बावनथडी नदीच्या पाण्यापर्यंत सपाट, सावलीचा रस्ता. बाकीचे सायकलींवर आणि मी मागं जीपमध्ये, पर्स मांडीवर घेऊन. ह्यांच्या सायकलीच्या मागं वीस हातांवर गाडी ठेवा, असं मी ड्रायव्हरला सांगितलं होतं. बिचारा कंटाळून म्हणाला, "काकू, काका खुश चालवून राहिले. मी पुढं जाऊन थांबू का? पहिल्या गिअरमधी गाडी तापून राहिली."

पाण्याच्या काठावर हे माझ्याशेजारी येऊन बसले. बदकांचा थवा पाण्यावर उतरत होता. "सुनंदा," ते म्हणाले, "ती डबी माझ्याकडे दे आणि तू जरा बदकं बघ."

"तुम्ही हरवाल."

"कशावरून?"

"मागच्या महिन्यात चष्मा एसटीत ठेवून आलात, त्यावरून. चष्मा दुसरा करता येतो."

त्यांनी खडा उचलून पाण्यात टाकला आणि उठून गेले. मला वाईट वाटलं, पण डबी दिली नाही. डबी माझ्याजवळ असली म्हणजे ती सुरक्षित आहे, एवढंच मला कळत होतं. ती ह्यांच्यासाठी आहे आणि मी ह्यांच्याजवळ दरवेळी असेनच असं नाही, हे डोक्यात आलंच नाही.

मग मोठ्या पहाडीचा दिवस उजाडला. गावकरी त्या डोंगराला नुसतं मोठी पहाडीच म्हणतात. नाव द्यायची त्यांना गरज वाटलेली नाही. पायथ्याशी मोहाचं जुनं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी दगडी ओटा आणि ओट्यावर शेंदूर फासलेले दोनचार गोटे. तिथं गोपाळभाऊ थांबले.

"आपापली डगाल (पानं असलेली डहाळी) तोडा जी, अन् अठी देवापाशी गोट्याखाली दाबून ठेवा."

"हा नवस आहे का?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"नाई जी. मोहफुलं वेचाले जाओ का तेंदूपत्त्याले, चढताना डगाल ठेवाची, उतरल्यावर काढाची. सांज होता होता डगाल दिसली तं समजाचं, माणूस वरतच आहे. मंग सारं गाव पाहाले जाते."

"म्हणजे देव राखण करतो."

"देव डगाल राखते. माणूस आपल्यालेच पाहा लागते." गोपाळभाऊ ओट्यावरची जुनी सुकलेली पानं हातानं झाडत होते. "अन् एक ध्यानात ठेवा. ज्याची डगाल त्यानंच काढाची. दुसऱ्याच्या डगालीले हात नाई लावाचा."

ह्यांचा चेहरा उजळला होता. त्यांच्या मामाचं गाव असंच रानाला लागून. एकदा मोह वेचायला गेलेल्या मामीची डगाल संध्याकाळी तशीच राहिली, म्हणून लोक शोधायला गेले. मामी पाय मुरगळून एका झाडाखाली बसलेली. "मामी सांगायची," हे सगळ्यांना सांगू लागले, "काही झालं तर हिंडायचं नाही. आपली डगाल खाली आहे, लोक येणारच. आपण एका जागी बसून राहायचं."

ह्यांनी पळसाची डगाल घेतली, तीन पानांची. मी मोहाची घेतली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या.

चढ अंगावर येणारा नव्हता, पण लांब होता. दर वळणावर मी ह्यांच्या कपाळाकडे बघत होते. घाम आला की घाबरायचं आणि आला नाही की जास्त घाबरायचं, असं माझं चाललं होतं. माथ्यावर मात्र मी क्षणभर ते सगळं विसरले. खाली दूरवर लाखोळीचे हिरवे तुकडे, मधूनमधून तळ्यांच्या चकाकत्या ताटल्या, आणि पलीकडे मध्य प्रदेशातले डोंगर एकामागं एक फिके होत गेलेले. ह्यांनी नुसता माझा हात धरला. त्यांचा हात गरम होता. मी लगेच नाडी पाहिली. त्यांनी हात सोडवून घेतला.

उतरताना माझा गुडघा दुखायला लागला. प्रणाली मला आधार देत हळूहळू पुढं घेऊन निघाली. हे म्हणाले, "तू हो पुढं, मी आलोच." शेवटच्या वळणावरून मी मागं पाहिलं तेव्हा वर झाडांतून त्यांची लाल टोपी दिसली. म्हटलं, येतच आहेत.

ओट्यापाशी आले आणि माझी मोहाची डगाल काढली. शेजारी ह्यांची पळसाची होती.

आता हे कसं सांगू? लग्नाला तेहेतीस वर्षं झाली. ह्यांचा ओला टॉवेल पलंगावरून मी उचलते. चष्मा न्हाणीघरातून मी उचलते. जेवल्यावरचं ताट, चहाचा कप, दारातल्या चपला, सगळं मी. वाकल्यावर ह्यांना कधीकधी चक्कर येते, तेव्हा हे येऊन वाकण्यापेक्षा... पण खरं सांगायचं तर एवढाही विचार मी केला नाही. हात आपोआप गेला. मी दोन्ही डगाली काढल्या, बाजूला टाकल्या आणि प्रणालीनं दार उघडलेल्या जीपमध्ये जाऊन बसले. ती गाडी सुरू करायच्या गडबडीत होती. नागपूरच्या बहिणीही येऊन बसल्या. बाकीचे, आणि मी धरून चालले तसे हेही, दुसऱ्या गाडीनं येणार होते, नाहीतर पायी नाकाडोंगरीच्या बाजारात जाणार होते.

शिबिरावर येऊन मी गुडघ्याला तेल चोळत बसले. कौसल्याबाईंनी चहा दिला. थोड्या वेळानं दुसरी गाडी आली. गोपाळभाऊ उतरले, अमरावतीचं जोडपं उतरलं. मी त्यांच्यामागं बघत राहिले.

"हे बाजारात गेले का?"

"काका? काका तं तुमच्या गाडीत आले ना जी?"

"नाही."

"पण डगाल नव्हती." गोपाळभाऊंनी आधी प्रणालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ओट्यावर एकबी डगाल नव्हती. मी पाहूनच निघालो."

पोस्टमास्तर बाजारातून परत आले होते. ते म्हणाले, बाजारात आपण एकटेच होतो. मग माझ्या तोंडून कसेबसे शब्द आले, "ह्यांची डगाल मी काढली."

 गोपाळभाऊ म्हणाले, "काऊन काढली जी काकू?" आवाज चढला नव्हता, पण त्यांचा चेहरा उतरला होता.  मी खांद्याला हात लावला. पर्स होती. पर्समध्ये डबी होती. ह्यांच्या खिशात काहीही नव्हतं.

प्रणालीनं गाडी वळवलीसुद्धा. "काकू, तुम्ही थांबा, गुडघा..." असं ती म्हणाली, पण मी आधीच आत जाऊन बसले होते. ह्यांचा फोन लागत नव्हता. त्या डोंगरावर कुणाचाच लागत नाही. गावाजवळ गोपाळभाऊंनी खिडकीतूनच हाक मारून माणसांना मागोमाग यायला सांगितलं. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. त्या रस्त्यात मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की मनात एकच गोष्ट फिरत होती. हे बसून राहिले असतील. मामीसारखे. खाली डगाल आहे म्हणून निर्धास्त बसले असतील, आणि डगाल नाही.

ज्या वाटेवरून सकाळी मी कुरकुरत चढले होते, त्याच वाटेवर मी गोपाळभाऊंच्या मागोमाग होते. गुडघा दुखत असणार, पण मला तो जाणवत नव्हता. प्रणाली दुसऱ्या अंगानं गेली. गोपाळभाऊ दर थोड्या अंतरावर थांबून तोंडाभोवती हात धरून लांब "होऽऽ" घालायचे आणि कान द्यायचे. मीही ह्यांना हाक मारली. तेहेतीस वर्षांत मी ह्यांना नावानं हाक मारलेली नाही. त्या संध्याकाळी रानात मी "मोरेश्वर" म्हणून ओरडले, पुन्हा पुन्हा ओरडले.

आणि डाव्या हाताला, वाटेपासून आत, आवाज आला, "अठी आहो!"

एका मोठ्या दगडाला टेकून हे बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली, बूटही काढलेले. चेहरा पांढरट आणि ओठांवर घाम. छातीत जड वाटायला लागलं तेव्हा ते वाट सोडून आत येऊन बसले होते. कुणी पाहू नये म्हणून. म्हणजे मला कळू नये म्हणून. मागून उतरणारे गोपाळभाऊ तिथूनच गेले होते, पण ह्यांनी हाक मारली नाही. वाटलं, आत्ता बरं वाटेल, आणि नाहीच वाटलं तर डगाल आहेच.

मी डबी काढली. झाकण गोपाळभाऊंनी उघडलं. गोळी जिभेखाली गेली. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसले. कोण कुणाला धीर देत होतं ते सांगता येणार नाही. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"डगाल दिसली ना माझी?" ते म्हणाले. "मी म्हटलंच, आता येतील."

गोपाळभाऊंनी मान फिरवली. सांगायचं मलाच होतं.

"तुमची डगाल मी काढली होती."

"तू?"

"हो. माझ्याबरोबर तुमचीही उचलली. हात गेला."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मग मी बसूनच राहिलो असतो गं, सुनंदा."

मी रडले. गोपाळभाऊंसमोर, खाली वाकून, तोंड पदरात न घेता रडले. ह्यांनी हात पुढं केला. मला वाटलं माझ्या डोक्यावर ठेवतील. पण त्यांनी माझ्या मुठीतली डबी घेतली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

गावातून चौघं जण बाज घेऊन आले. हे चालतो म्हणाले, पण कुणी ऐकलं नाही. बाजेवर बसून राजासारखे उतरले. तुमसरच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी देखरेखीसाठी ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सोडताना म्हणाले, नवं काही नाही, पण ताकदीबाहेर चढलात. आता सावलीत बसून बघा. उरलेले दिवस हे स्वयंपाकघरासमोर खुर्ची टाकून कौसल्याबाईंशी धानाच्या जातींवर वाद घालत बसले. मी मात्र त्यांच्यासमोर येताना अवघडत होते. रोज दहादा पर्स चाचपायची सवय. हात जायचा आणि पर्स हलकी लागायची.

शिबिराचा शेवट गोसीखुर्दला होता. वाटेत कोंढ्याला ह्यांच्या चुलतभावाकडे जेवायला थांबलो. बातमी आमच्याआधी पोचली होती. वहिनींनी मला दारातच धरलं.

"काऊन वं सुनंदा, भाऊजींची डगाल काढली म्हंतात तू?"

"हो वहिनी."

"ताट उचलतं, कपडे उचलतं, तं डगालबी उचलली! हात हाये का काय हाये वं तुवा!" आणि माझ्या पानात बोडीतल्या झिंग्यांचा (छोट्या कोळंबीचा) रस्सा वाढत हळूच म्हणाल्या, "मीबी उचललीच असती. खा आता." त्या आठवड्यात पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

गोसीखुर्दचं पाणी पाहिलं आणि मी दोन पावलं मागं सरकले. पलीकडचा काठ दिसतच नव्हता. एक मच्छीमार काका जाळं वाळवत होते. त्यांचं जुनं गाव ह्याच पाण्याखाली गेलेलं. घर आता नव्या वस्तीत, पण मासोळीसाठी रोज इथंच येतात, म्हणाले. ह्यांनी त्यांच्याकडे विडी मागितली. मी डोळे वटारले. ह्यांनी ती नुसती कानावर ठेवली.

दोन माणसांच्या लांबट होड्या काठाला लावल्या होत्या. ह्यांना मनाई होती. प्रणालीनं माझ्यापुढं वल्हं धरलं. "काकू, माझ्याबरोबर चला. काकांच्या वाटचं."

मी नाही म्हणणार होते. पण मग ह्यांच्याकडे पाहिलं. खिशावर हात ठेवून, गप्प, सावलीत बसलेले. त्यांना इथं यायचं होतं, अगदी ह्याच पाण्यात उतरायचं होतं. मी बाभळीची बारीक डगाल मोडली, त्यांच्या पायाशी ठेवली आणि वर दगड ठेवला.

"हात लावू नका," मी म्हणाले.

होडी हलली तेव्हा मी किंचाळले. मधोमध गेल्यावर किंचाळायचीही भीती वाटायला लागली, म्हणून गप्प बसले. वल्हं कसं मारायचं ते मला शेवटपर्यंत जमलं नाही. बहुधा मी होडी उलटीच नेत होते, कारण प्रणाली सारखी हसत होती. एकदा मागं वळून पाहिलं. काठावर हे उभे होते. बसायला सांगितलेला माणूस उभा होता, आणि डोळ्यांवर हात धरून सगळ्या पाण्यात मला शोधत होता. तो हात मी ओळखला. तो माझाच होता, गेल्या उन्हाळ्यापासूनचा.

काठाला आले तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. बाभळीची डगाल होती तिथंच होती. ह्यांनी ती माझ्यासाठी उचलली नव्हती, पण तिच्याभोवतीची माती त्यांच्या चकरांनी तुडवली गेली होती.

"किती वेळ लावलास," ते म्हणाले. आवाज चिडका होता. मला इतकं बरं वाटलं की मी वाकले आणि माझी डगाल माझ्या हातानं काढली.

परतीच्या गाडीत दोघंही झोपलो. नागपूर मागं गेल्यावर ह्यांचं "मले"चं परत "मला" झालं. सांगलीत भिशीच्या बायकांनी विचारलं, मजा आली का? मी हो म्हटलं. ते खोटं नाही, पण ते एवढंच नाही.

आता हे रोज सकाळी फिरायला जातात. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे, एकट्यानंच जायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं आहे. डबी त्यांच्या खिशात असते. निघताना ते फाटकाजवळच्या कडुलिंबाची डहाळी मोडतात आणि उंबऱ्यापाशी ठेवतात. दूधवाला एकदोनदा तिच्यावरून अडखळला आणि "काकू, हा कचरा उचला की," म्हणाला. मला भीती वाटते. रोज वाटते, पहिल्या दिवशी वाटली तेवढीच. आधण ठेवते आणि दाराकडे बघत राहते. केर काढते, तेव्हाही झाडू तिच्या कडेकडेनं फिरवते. मग फाटक वाजतं. हे येतात, दाराची चौकट धरून सावकाश वाकतात, आपली डगाल आपण उचलतात. आणि मग मी चहा गाळायला घेते.